रहाटाची माळ

गिरीज गावच्या मालनबाईने लग्नानंतर पंधरा वर्षं एकच वाट तुडवली, विहिरीभोवतीची. रहाटाला बैल जुंपायचा नि त्याच्यामागे गोल गोल फिरायचं. गाडग्यांची माळ पाणी वर आणी, केळी-पानवेली भिजत. संध्याकाळी पायांचे तुकडे पडत. शेवटी तिनेच नवऱ्यामागे लकडा लावला आणि एकोणऐंशीच्या माघात शंकरने मोटर बसवली. रहाट मोडला तेव्हा बाईने चक्क पेढे वाटले! गाडगी काढून उरलेली काथ्याची माळ मांडवाला बांधून तिने तिच्यावर पडवळ चढवला.

महिन्याभरात विहिरीत मुंगूस मेलं. प्यायचं पाणी तेच, सगळं उपसावं लागलं. पंधरवड्याने ससा.

"मेल्यांना माझीच विहीर सापडते जीव द्यायला!" मालन करवादली.

मग चैत्रातल्या एका सकाळी आतून खरखर ऐकू आली. वाकून बघते तर उदमांजर! नारळाच्या शेंड्यात राहणारं, त्यांची पिकली केळी चोरणारं तेच. दगडाला नख्या रुतवून थरथरत होतं. शंकरने बादली सोडली, तर घाबरून पाण्यात पडलं आणि कसंबसं पुन्हा दगडाला लागलं.

"अहो, मरेल ते!" मालनचा जीव खालीवर होऊ लागला.

उदमांजर सारखं एकाच बाजूला बघत होतं. जिथे रहाटाची माळ लोंबायची, नेमकं तिथे. मालनला एकदम आठवलं. बैलाच्या वाटेवर रोज सकाळी जनावरांची ओली पावलं दिसत. तिला वाटे, पाणी पिऊन गेली असतील. अरे देवा! रात्री विहिरीत पडलेली मुकी जनावरं माळ धरून वर येत होती, आणि ती माळ काढायला लावली कुणी? तिनेच.

ती मांडवाकडे धावली आणि वेल ओरबाडू लागली.

"अगं, फुलावर आलाय!" शंकर ओरडला.

"खड्ड्यात गेला पडवळ!"

माळेचं एक टोक काठावर अडकवून ती विहिरीत सोडली आणि दोघं केळीआड बसली. बराच वेळ काहीच नाही. मालनने दत्ताला नारळ बोलून टाकला. मग माळ हलली. ओलं डोकं वर आलं. उदमांजराने अंग झाडलं, आणि मागे न बघता ते सरसर नारळावर गेलं.

"गेलं हो, गेलं! सुटले बाई मी!" मालन मातीतच बसली, रडत नि हसत.

"आता खोली बांध त्याला," शंकर म्हणाला. पण माळ विहिरीकाठच्या खांबाला घट्ट बांधली ती त्यानेच. आणि दसऱ्याला मोटरीची पूजा करायला झेंडू घेऊन गेला, तेव्हा पहिला हार त्याने त्या माळेला घातला.