सहाव्या बोटाचा भाव

आमचा मुलूख जुनं राज्य सोडून मुंबई राज्यात गेला, त्या वर्षी मी मॅट्रिकला दुसऱ्यांदा आपटलो आणि मामानं मला कारंज्याच्या बैलबाजारात दलालीला घेतलं. गुण एकच पाहिला. माझ्या उजव्या हाताला सहा बोटं होती. सहावं अंगठ्याला लागून, छोटंसं, नखासकट. मामा म्हणाला, "सहा बोटं म्हंजे लक्षुमीचा हात. तुले शिकाची काय गरज?" शाळेनं दोनदा नाकारलेल्या माणसाला असं कुणी म्हटलं की तो जीव ओवाळून टाकतो. मला आता दलालच व्हायचं होतं, दुसरं काही नाही.

बैलाचा भाव तेव्हा तोंडानं बोलत नसत. दलालाच्या हातावर उपरणं टाकायचं, घेणाऱ्यानं त्याखाली हात घालून दलालाची बोटं धरायची. दोन बोटं म्हणजे दोनशे, पुरा पंजा म्हणजे पाचशे. मग दलालानं तोच भाव तसाच विकणाऱ्याच्या हातात सांगायचा. सगळा बाजार बघतो, पण कोणाला काही कळत नाही.

माझा पहिलाच सौदा पोहरादेवीकडच्या एका शेतकऱ्याच्या जोडीचा. व्यापाऱ्यानं माझा पंजा गच्च धरला. मी इमानदार माणूस. त्याच्या मुठीत बोटं किती आली ती मोजली आणि शेतकऱ्याला सहाशे कळवले. शेतकरी खूष, व्यापारीही खूष. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा मात्र दोघांनी बाजार डोक्यावर घेतला.

पंच निंबाखाली बसले. बैल राहिले बाजूला, माझं बोट तपासायला घेतलं.

"नख हाय, म्हंजे बोट हाय," एक म्हणाला.

दुसऱ्यानं ते वाकवून पाहिलं. "आपल्या मनानं वाकत नाही. हे कायचं बोट?"

तिसऱ्यानं मला विचारलं, "जेवताना कामी येते का?"

वरणभाताला येतं, भाकरीला नाही, असं मी खरं ते सांगितलं. त्यावर फार वेळ खल झाला आणि निकाल लागला: अर्धं बोट. जोडी साडेपाचशेला गेली.

त्यानंतर विकणारे माझ्यापुढे रांग लावू लागले, आणि घेणारे माझं उपरणं दिसलं की वाट वाकडी करून जाऊ लागले. महिनाभर एक सौदा नाही. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, त्याच्यावर हात उगारत नाही; त्यामुळे मामाचा सगळा राग तोंडात साठला होता. एका बाजाराच्या दिवशी तो फुटला. "ते बोट तोडून ये, नाही तं बाजारात पाय ठेवू नको!"

मी दवाखान्यात जाऊन बोट काढून आलो. दुखलं फार, पण एवढा आनंद मला मॅट्रिक पास होऊनही झाला नसता. जखम भरल्यावर नवं उपरणं घेऊन बाजारात उभा राहिलो. एक म्हातारा शेतकरी जोडी घेऊन थेट माझ्याकडेच येत होता. जवळ आल्यावर त्यानं माझा हात पाहिला आणि बैल वळवले.

"काहून आजोबा?" मी विचारलं.

"पाच बोटाचे दलाल तं बाजारात छप्पन हायेत, बाप्पा."

मामा मागेच उभा होता. त्यानं माझा हात हातात घेतला, उलटापालटा करून पाहिला, वणावरून अंगठा फिरवला.

"मी तं रागात बोल्लो होतो," तो म्हणाला. "तुनं खरंच तोडलं काय बे?"