बुटात लपवलेली चिट

गस्तीच्या आदल्या दिवशी दुपारी दोन वाजता बर्फातल्या लष्करी पोस्टवरच्या डॉक्टरसाहेबांनी माझ्या नडग्या अंगठ्याने दाबल्या. मी ओरडलो नाही, पण डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी चिट लिहिली : अटेंड-सी. म्हणजे सात दिवस चढाई बंद, ओझं बंद. ती सुभेदारसाहेबांना दाखवायची असते. मी घडी करून बुटात घातली. मी हवालदार, सेक्शन कमांडर. कुणा जवानाने चिट आणली की मीच त्याला ‘चिटबहाद्दर’ म्हणून सगळ्यांसमोर सोलायचो. आता कुठल्या तोंडाने दाखवणार?

पहाटे पावणेसहाला गस्तीला दहा जणांची पेट्रोल निघाली. बर्फात वाट फोडायला पुढे मी, असा हुकूम होता. शंभर पावलांतच नडग्या पेटल्या. मागे लान्स नायक सदाशिव होता, बदलापूरजवळच्या सोनिवलीचा. मी अंबरनाथचा, म्हणून पलटणीत तो एकटाच मला दादा म्हणायचा.

‘दादा, पाय ओढताय.’

‘काही नाही. तू पुढे हो. मी मागची लाइन बघतो.’

‘बरं.’

सहा चाळीसला वरचा उतार घसरला. बर्फाने फक्त पुढचा माणूस नेला. मी वायरलेस सेटवर बोललो, ‘वन मिसिंग. ओव्हर.’ पलीकडून विचारलं, ‘कौन?’ मी सदाचं नाव सांगितलं. सदा अकरा दहाला सापडला. संध्याकाळी बूट काढला तेव्हा चिटेचा लगदा झाला होता.

आता मी अंबरनाथ एमआयडीसीत सिक्युरिटी सुपरवायझर आहे. दरवर्षी सोनिवलीत सदाच्या नावाने पाच किलोमीटरची दौड होते. मशाल घेऊन पुढे मी. माइकवाला बोंबलतो, ‘बघा, या वयातही काय फिटनेस!’ लोक टाळ्या वाजवतात. मला त्या टाळ्यांची शिसारी येते, आणि त्याहून जास्त माझी. तरी हार घालायला मान पुढे करतोच ना मी?

नडग्यांना काय काय नाही चोपडलं! उल्हासनगरच्या दुकानदाराने ‘साईं, ये लगाओ, घोडे जैसा दौडोगे’ म्हणत हिरवं तेल दिलं. घरभर घाण वास आणि दुखणं जिथल्या तिथे. शेवटी बायको मला धरून सर्जनकडे घेऊन गेली.

‘विश्रांती किती घेतली?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘सहा महिने.’

‘खोटं,’ बायको म्हणाली. ‘हे रोज पहाटे चिखलोलीच्या काँक्रीटच्या रस्त्यावर धावतात.’

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ऑपरेशन म्हणजे नडगीच्या स्नायूंवरचं घट्ट आवरण कापून ताण सोडवायचा. काही दिवस कुबड्या. दोन आठवड्यांनी टाके निघणार. मग फिजिओथेरपी. सहा आठवडे धावायचं नावच काढायचं नाही, हळू धावणं तीन महिन्यांनंतर. आणि दुखणं पूर्ण जाईल याची खात्री नाही.

‘विश्रांती पाळणार नसाल तर मी कापणार नाही,’ ते म्हणाले. ‘फुकट जखम कशाला?’

दौड दोन आठवड्यांवर आली होती. मी चिट लिहून मागितली. आयुष्यात पहिल्यांदा.

त्याच दुपारी सोनिवलीला गेलो. सदाचे वडील ओटीवर वाल सोलत बसले होते. मी चिट पुढे धरली.

‘काय लिवलाय?’

‘यंदा धावायचं नाही, काका.’ मग जुन्या चिटेचंही सांगितलं. बूट, पेट्रोल, तू पुढे हो, सगळं. त्यांचे हात थांबले.

‘ती चिट तवा कला नाय दाकवलीस?’

‘लाज वाटली.’

‘तुज्या लाजंपायी माजा पोऱ्या गेला.’

त्यांनी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. पुन्हा वाल सोलायला घेतले.

‘मशाल कोन धरंल?’

‘तुम्ही सांगाल तो.’

‘मी धरीन. तू खुर्चीत बस. पुढं, सगल्यांसमोर. कोनी इचारला तं खरा सांग.’

ऑपरेशन गुरुवारी आहे. दौडीच्या दिवशी कुबड्या शेजारी ठेवून मी पुढच्या खुर्चीत बसणार. माइकवाला विचारणारच, दादा यंदा धावत का नाहीत? तेव्हा सांगायचं : त्या दिवशी पुढे चालायची पाळी माझी होती. लान्स नायक सदाशिव माझ्या जागी गेला.