म्वानाकोंबोने फोडलेली खडी

म्वानाकोंबोचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. मोंबासाबाहेरच्या खाणीत ती हातोडीने खडी फोडायची. दिवसाला बारा डबे, आणि एकही खडा मापाबाहेर नाही.

तिचा मुलगा बकारी एकोणीस वर्षांचा. ओळखपत्र मिळेना म्हणून त्याला काम मिळेना. कागद नाही म्हणून पोलिसांनी दोनदा भर बाजारात त्याच्या थोबाडीत मारली. मग एक गोडबोल्या माणूस त्याला चहा पाजू लागला, आणि एका संध्याकाळी तो घरीच आला.

"मावशी, सीमेपलीकडे कुणी कागद विचारत नाही. धर्मासाठी लढणाऱ्याला महिना पन्नास हजार शिलिंग, वर मान."

"तुझा मुलगा किती वर्षांचा रे?"

"वीस. कॉलेजात आहे."

"अस्सं! तुझा कॉलेजात आणि माझा मरायला? ऊठ, चहा संपला."

तो गेला तसा बकारी उसळला. "आई, निदान तो मला माणूस तरी समजतो!"

या पोराला नमाजासाठी हलवून उठवावं लागायचं. त्याला धर्म ओढत नव्हता, गालावरची आग ओढत होती, हे तिने ओळखलं.

"मग कागदच आणू."

"पुन्हा नाही म्हणाले तर?"

"तर पुन्हा जाऊ. मी थकलेली दिसते का तुला?"

ओळखपत्राच्या कचेरीला बकारीच्या आजोबांच्या जन्माची नोंद हवी होती, आणि ती नैरोबीत होती. दुसऱ्या दिवसापासून बकारीही तिच्या शेजारी बसून खडी फोडू लागला. तीन महिन्यांच्या मजुरीतून दोघांचं बसभाडं निघालं, नोंदीची नक्कल मिळाली, आणि अखेर बकारीच्या फोटोचं ओळखपत्र घरात आलं.