सुरय्याभाभींची चाचणी

हिंजवडीतल्या आमच्या लॅबमध्ये एक नियम होता, जो कुठेच लिहिलेला नव्हता. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची टेलिफोनची यंत्रं एकमेकांशी नीट जुळतात असं सर्टिफिकेट द्यायच्या आधी मैनुद्दीनभाई त्या यंत्रांमधून आपल्या घरी, कसबा पेठेत, फोन लावायचे. सुरय्याभाभी उचलायच्या. भाई विचारायचे, "आज काय केलंय?" भाभी सांगायच्या, दोडका. भाई म्हणायचे, "परत?" त्यावर भाभी जे काही ऐकवायच्या, ते शब्द न् शब्द कळलं की भाई पेनाचं टोपण काढायचे आणि सही करायचे. घरी ही मंडळी दखनीत बोलतात, मी आपलं मराठीत सांगतोय.

आम्ही त्याला सुरय्या टेस्ट म्हणायचो. मी जरा नाक मुरडून म्हणायचो, कारण पुस्तक माझं होतं.

पुस्तक म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटायचं मी साहित्यिक आहे. फोनच्या यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलावं, याचे नियम सगळं जग मिळून ठरवतं. देशोदेशीची माणसं एका हॉलमध्ये जमतात, एका वाक्यावर दोन दिवस भांडतात आणि शेवटी दोघांचंही चालेल असं लिहून कॉफी प्यायला जातात. मी अशा चार बैठकांना गेलोय. नारायण पेठेतल्या माणसाला तिथे अजिबात परकं वाटत नाही. त्यातून सहाशे पानांचं स्टँडर्ड निघतं. ते वाचून यंत्रात काय काय तपासायचं याची यादी मी केली होती, तीनशे बारा चाचण्यांची. तीनशे बारा हिरव्या झाल्या की यंत्र पास. त्यात दोडक्याला जागा नव्हती.

मैनुद्दीनभाईंनी सहाशे पानांपैकी एकही वाचलं नव्हतं आणि ते लपवायचेही नाहीत. वडिलांचं कसब्यात रेडिओ दुरुस्तीचं दुकान. भाई औंधच्या आयटीआयमधून बाहेर पडले आणि पुढची पंचवीस वर्षं हॉटेलं, बँका, शाळा इथे इंटरकॉम आणि एक्स्चेंज बसवत फिरले. एकदा एका हॉटेलात त्यांनी एक्स्चेंज बसवलं, सगळे दिवे लागले, सगळ्या खोल्यांत घंटा वाजली, आणि उद्घाटनाला मालकाने फोन उचलला तर त्याला फक्त स्वतःचाच आवाज ऐकू आला. मालकाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पण भाईंनी मनाला लावून घेतलं, आणि तेव्हापासून दिव्यांवर विश्वास ठेवणं सोडलं. घरी फोन लावायची सवय तेव्हाची.

आमच्याकडे ते लॅबचे इन-चार्ज होते. अठ्ठावन्नला निवृत्त झाले, मग एक वर्ष करारावर. ते वर्ष या मे महिन्यात संपत होतं आणि भाईंना आणखी दोन वर्षं हवी होती. कसब्याहून हिंजवडीला कंपनीच्या बसने दीड तास जायला, पावणेदोन यायला, तरी हवी होती. "घरी बसून काय करू?" ते मला म्हणाले. "सुरय्याला स्वयंपाक शिकवू? जिवंत ठेवेल का ती मला?" हसत म्हणाले, पण डब्याचं झाकण लावताना हात थांबला होता. लॅब हाच त्या माणसाचा जीव होता, ते मला दिसत होतं.

करार वाढवायचा की नाही ते इंद्रजीतच्या हातात. इंद्रजीत आमचा प्रमुख. मूळचा तिथलाच, आमची इमारत उभी आहे त्या जागेवर त्याच्या आजोबांचा ऊस होता. त्यामुळे लॅबकडेही तो शेतासारखं बघतो. पीक वेळेत निघालं पाहिजे, बाकी गप्पा नंतर.

तर एप्रिलअखेर एका अँब्युलन्स हेल्पलाइनसाठी यंत्रं आली. एका कंपनीचं गेटवे, म्हणजे बाहेरून येणारे फोन आत घेणारं यंत्र. दुसऱ्या कंपनीचा कंट्रोल रूममधला बोर्ड, म्हणजे ते फोन ऑपरेटरपुढे मांडणारं. तीन दिवसांत तीनशे बारा हिरव्या. शुक्रवारी हेल्पलाइनच्या प्रमुख येऊन सर्टिफिकेट नेणार, असं इंद्रजीतने सांगूनही टाकलं.

बुधवारी दुपारी भाईंनी घरी फोन लावला.

त्या दिवशी सकाळी त्यांनी एक पराक्रम केला होता. करार नाहीच वाढला तर दुरुस्तीचं टेबल कुठे मांडायचं म्हणून गॅलरी मोजली, आणि भाभींच्या कढीपत्त्याच्या कुंड्या उचलून जिन्यात ठेवल्या. न विचारता. त्यामुळे "आज काय केलंय?" याला उत्तर आलं नाही. भाईंना बत्तीस वर्षांचा अनुभव, ते शांतपणे थांबले. थोड्या वेळाने फोन कट झाला. परत लावला, परत शांतता, परत कट. तिसऱ्यांदा भाभी कडाडल्या, "कापायचाच असतो तर लावता कशाला?"

"मी नाही कापला. तूच ठेवलास."

"मी रुसले होते. ठेवला नव्हता."

भाईंनी घड्याळ काढलं. गप्प राहिलं की बरोबर विसाव्या सेकंदाला फोन मरत होता.

कारण सोपं होतं, आणि ते मला पाच मिनिटांत सापडलं, हे जास्त झोंबलं. बोलणारा गप्प असला की गेटवे पुढे काहीच पाठवत नाही. शांतता कशाला वाहून न्यायची? स्टँडर्डमध्ये चालतं. बोर्डाकडे वीस सेकंद काहीच आलं नाही तर तो समजतो माणूस गेला, आणि लाइन मोकळी करतो. तेही चालतं. दोघंही नियमाने वागत होते आणि मधल्या मध्ये माणूस कापला जात होता.

मग माझ्या तीनशे बारा चाचण्यांत हे का नाही सापडलं? कारण चाचणीसाठी जो आवाज वाजवतात, तो माझा आहे. आमच्या गल्लीतल्या पार्किंगबद्दल महापालिकेला लिहिलेली तक्रार मीच रेकॉर्डरवर वाचली होती, तीन मिनिटं, सलग. फोनवर माणूस वीस सेकंद गप्प बसेल ही शक्यताच माझ्या डोक्यात आली नव्हती. आमच्या पेठेत असं कुणी पाहिलेलं नाही.

इंद्रजीतने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळला. "ही टेस्ट बुकमध्ये आहे का?"

"नाही," मी म्हणालो. मी एवढंच म्हणालो, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

"मग विषय संपला. भाई, सही करा. तुमची एक्स्टेन्शनची फाइल पण माझ्याच टेबलावर आहे, बरं का. दोन्ही एकदमच करून टाकू."

भाईंनी टोपण न काढताच पेन खिशात ठेवलं. संध्याकाळी बसमध्ये माझ्या शेजारी बसले आणि चांदणी चौकापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "श्रीधरराव, अँब्युलन्सला फोन करणारा तुमच्यासारखं सलग बोलतो का हो? माझे वडील गेले तेव्हा आईने फोन लावला आणि नुसती धरून उभी राहिली. पत्ता मी सांगितला, धावत येऊन. एवढ्या वेळात वीस सेकंद नक्की झाले असतील."

"नियमाप्रमाणे बघायचं तर—" मी सुरू केलं.

"राहू द्या," भाई म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

शुक्रवारी हेल्पलाइनच्या प्रमुख प्रियदर्शनीबाई दोघा सहकाऱ्यांना घेऊन आल्या. चाळिशीच्या, चेहऱ्यावर झोप अपुरी झाल्याची खूण. इंद्रजीतने भिंतीवर तीनशे बारा हिरवे ठिपके दाखवले. बाईंनी विचारलं, "सही कुठंय?"

"एक फोन लावू का, ताई?" भाई म्हणाले. इंद्रजीतचा चेहरा पाहण्यासारखा झाला, पण गिऱ्हाइकासमोर काय बोलणार? भाईंनी स्पीकर लावला आणि कसब्यात फोन गेला. भाई म्हणाले, "सुरय्या, फक्त अर्धं मिनिट गप्प राहा. काही बोलू नकोस."

आता गंमत ऐका. ज्या बाईच्या गप्प बसण्याने हे सगळं रामायण घडलं, तिला सांगितल्यावर गप्प बसता येईना. "का म्हणून?" इथून सुरुवात झाली. कुंड्या निघाल्या, जिन्यातल्या कुंडीला ठेचकाळलेली शेजारीण निघाली, गेल्या ईदला तिने काय म्हटलं होतं ते निघालं. भाई दोनदा "ऐक तरी" म्हणाले. बाईंच्या बरोबरचे दोघे तोंड फिरवून हसत होते. इंद्रजीत घड्याळ दाखवून म्हणाला, "ओके भाई, व्हॉइस एकदम क्लिअर आहे. करा सही."

भाई माइकजवळ वाकले. आवाज खाली आला. "सुरय्या, मी सही करत नाहीये. करार वाढणार नाही. उद्यापासून नाही, पण एकतीस तारखेनंतर मी घरीच आहे."

पलीकडे एकदम शांतता झाली. हल्लीचे मोबाइल मागचा भांड्यांचा आवाजही कापतात, त्यामुळे काहीच येत नव्हतं. मी मनात आकडे मोजत होतो. दहाला भाईंनी चष्मा काढला. पंधराला इंद्रजीत हलला. विसाला बोर्डावरचा दिवा बदलला, लाइन मोकळी झाली आणि शेजारी हिरवा ठिपका लागला. यंत्राच्या मते सगळं छान होतं.

तेवढ्यात भाईंच्या खिशातला मोबाइल वाजला. त्यांनी घाईत उचलला, आणि भाभींचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "मी होते ना तिथे. बोलले नाही म्हणजे गेले, हे कुणी ठरवलं?"

प्रियदर्शनीबाई बोर्डाकडे बघत राहिल्या. मग आमच्याकडे वळल्या. "कुणी ठरवलं?"

"ठरवलं यंत्रवाल्यांनी," मी म्हणालो. "चालेल म्हटलं मी. पुस्तक माझं आहे." म्हणून टाकल्यावर बरं वाटलं. बाईंनी बॅग उचलली आणि यंत्रं दुरुस्त झाल्याशिवाय घेणार नाही, एवढंच सांगून गेल्या.

दुरुस्ती अकरा दिवसांत झाली. आता समोरचा गप्प असला तरी गेटवे एक बारीक सूं सूं पुढे पाठवत राहतं, म्हणजे पलीकडे कुणीतरी आहे हे बोर्डाला कळतं. भाईंचा करार वाढला नाही. इंद्रजीत म्हणाला पॉलिसी आहे. कोणती, ते मी वाचायला मागितलं, अजून मिळालेली नाही. भाईंना शाल दिली, नारळ दिला, समोसे खाल्ले. माझा तसाच ताटलीत राहिला.

माझ्या पुस्तकात आता तीनशे तेरावी चाचणी आहे. कॉल लावा, चाळीस सेकंद दोन्हीकडून गप्प राहा. ती मीच करतो, आणि फोन कसब्यातच लावतो. भाभी उचलतात, काही बोलत नाहीत. मीही बोलत नाही, जे मला अवघड जातं. मग त्या विचारतात, "झालं?" मी म्हणतो, झालं.

परवा चाचणी झाल्यावर मी विचारलं, "भाई कसे आहेत?" भाभी गप्प झाल्या. वीस सेकंद गेले, पंचवीस गेले. लाइन तुटली नाही.

"सकाळी साडेसातला डबा भरून घेतात," त्या म्हणाल्या. "गॅलरीत बसून एक वाजता खातात."