अप्पांच्या नंबरावरून

बिलोलीच्या स्टँडवर अप्पा मला सोडायला आले तेव्हा त्यांच्या काखेत दुकानाचा तराजू होता. एक पारडं वाकलं होतं, ते दुरुस्तीला टाकायचं होतं आणि लेकीला गाडीत बसवायचं होतं. दोन्ही कामं एकाच फेरीत. नांदेडची गाडी लागली. पुढं नांदेडहून लातूरची धरायची होती. खिडकीशी बसून मी काहीतरी मोठं वाक्य ऐकायची वाट बघत होते. अप्पा म्हणाले, "पाण्याची बाटली उभी ठेव, गळती हाय ती." गाडी सुटली. अव्वानं, म्हणजे आईनं, घराच्या उंबऱ्यावरच निरोप दिला होता: "परक्या गावात कुणाला उलटून बोलू नको, आन् कुणाचं ऐकून बी घेऊ नको." हे दोन्ही एकदम कसं करायचं ते तिनं सांगितलं नाही. मला ते अजून जमलेलं नाही.

गावातल्यांना पुढचं माहीत आहे. पण माझ्यासारखे तुम्ही जे पुण्याला, हैदराबादला गेलात, ते बरंच विसरलात, म्हणून सांगते. माझ्या अप्पांचं किराणा दुकान होतं. दिवसभर दुकान, आणि संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या आवारातलं वाचनालय उघडायचं, हा त्यांचा नेम. एक खोली, चार कपाटं, समोर पार. मी अक्षरं त्या खोलीत लावायला शिकले. पुस्तकांना तिथं जुन्या कागदाचा आणि अप्पांच्या हाताला लागलेल्या हळद-हिंगाचा वास यायचा. पुढं ग्रंथालयाचं शिक्षण घेतलं ते त्या खोलीमुळंच, यात मला शंका नाही.

लातूरला ज्या वाचनालयात नोकरी लागली तिथं दोन मजले होते आणि वरचा मजला गच्च भरलेला. आपल्या मराठवाड्यातली अर्धी पोरं डॉक्टर व्हायला लातूरला येतात, ती तिथं आपापली पुस्तकं घेऊन बसायची. आमच्या कपाटांकडं कुणी ढुंकूनही बघत नसे. मला वाटायचं, मी ग्रंथपाल नाही, पंख्यांची आणि चार्जिंगच्या बटणांची राखणदार आहे. मग एके दिवशी आमचे अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, आपलं वाचनालय मोबाइलवर दिसलं पाहिजे." दिसलं पाहिजे म्हणजे काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं. शिकायचं मात्र मला होतं.

शिकले. फेसबुकचं पान काढलं, इन्स्टाग्राम काढलं, पुस्तकांची यादी ऑनलाइन चढवली, पुस्तक आधीच राखून ठेवायला फॉर्म केला. माझी पहिली पोस्ट म्हणजे नव्या पुस्तकाचा फोटो आणि शेजारी मोगऱ्याची फुलं. त्याला लाइक आले ते सगळे माझ्या माहेरच्या नातेवाइकांचे, आणि एका मावशीनं खाली लिहिलं, 'मोगरा छान.' पुस्तकाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. हळूहळू कळत गेलं. क्लास सुटायच्या वेळेला टाकलेलं बघितलं जातं. अख्ख्या मुखपृष्ठापेक्षा एखादी ओळ चालते. रीलमध्ये बोलणाऱ्या माणसाचा चेहरा नसला तरी चालतो, पण आवाजात उपदेश आला की पोरं अंगठ्यानं वर ढकलून देतात. वर्षभरात खालच्या मजल्यावरची कपाटं उघडू लागली. इतर वाचनालयांची माणसं मला बोलवून विचारू लागली, मॅडम, कसं करता? मी फळ्यावर बाण काढून सांगायची. खरं सांगायचं तर डोक्यात थोडी हवा गेली होती.

त्याच दिवसांत अप्पांचा फोन आला. गुडघ्यांमुळं त्यांनी दुकान बंद केलं होतं, वाचनालय मात्र रोज उघडत होते. म्हणाले, "पंचायतीला खोली पाहिजे म्हणून राहिले. आधारचं, पीक विम्याचं ऑनलाइन केंद्र टाकतेत. वाचक न्हाईत तर कुलूप कामून लावू नये, असं इचारतेत." मग म्हणाले, "खरंच न्हाईत माय. मी एकटाच बसून राहतो." अप्पांचा आवाज मी कधी असा ऐकला नव्हता. पंचायतीनं दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. मोबाइलनं वाचन मारलं, असं गावात सगळे म्हणत होते. मी म्हटलं, मग मोबाइलनंच ते जिवंत करू. खोली जाऊ द्यायची नाही, हे मी फोन ठेवता ठेवताच ठरवलं.

लातूरला बसून मी गावाच्या वाचनालयाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. अप्पांकडून, चुलतभावांकडून नंबर गोळा केले. सरपंच, मास्तर, पाटील, बाहेरगावी गेलेले तुम्ही सगळे आणि गावातल्या सुना, सगळ्यांना एका दमात आत घातलं. पुस्तकांचे सुंदर फोटो टाकले. बाहेरगावच्या मंडळींनी हात जोडले, फुलं पाठवली, 'गावची आठवण आली' असं लिहिलं. पुस्तक कुणीच मागितलं नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून एकेक बाई ग्रुप सोडून जाऊ लागली. आठवड्यात एकही उरली नाही. मी फळ्यावर जे बाण काढून शिकवायची त्यात याचं उत्तर कुठंच नव्हतं.

मग एका अनोळखी नंबरावरून फोन आला. "मी सुरेखा बोलून राहिले. पाटलाची धाकटी सून. पिठाची गिरणी चालवते." मी गाव सोडल्यावर ती लग्न होऊन आलेली, मी तिला पाहिलेलंही नव्हतं. म्हणाली, "ताई, राग धरू नका. त्या ग्रुपात मामंजी हायत. दीर हायत. त्यांच्यासमोर मी कसं लिहू, मला कादंबरी पाहिजे म्हणून?" पुढं म्हणाली, "अप्पाचं दुकान होतं तवा बरं होतं. सामानाच्या पिशवीत, साखरेच्या पुड्याखाली पुस्तक यायचं. वाचून झालं की तेलाच्या डब्यासंगं वापस. दुकान बंद झालं, तवापासून आमचं वाचणं बी बंद."

फोन ठेवल्यावर मला आमचा पार आठवला. वाचनालयासमोर पार आहे. पारावर वडीलधारे बसतात. आपल्याकडच्या सुना पारासमोरून जात नाहीत, मागच्या बोळीनं जातात. मी तिथं रोज उड्या मारत जायची, कारण मी गावची लेक होते. सासर लाभलं ते लातूरला, तिथं पार नाही, लिफ्ट आहे. तेव्हा हे मला दिसायचं राहूनच गेलं. मी केलेला ग्रुप म्हणजे तोच पार होता, फक्त मोबाइलमध्ये बांधलेला. आणि अप्पांनी पिशवीतून पुस्तकं धाडली ते आपल्याला कधी बोलून दाखवलं नव्हतं, कारण त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. गावाचं वाचन मोबाइलनं मारलं नव्हतं. दुकान बंद झालं होतं, एवढंच.

इलाज मला ठाऊक होता. ब्रॉडकास्ट लिस्ट करायची. संदेश एकच जातो, पण ज्याचा त्याला मिळतो. कुणाला कोण आहे ते दिसत नाही, उत्तर फक्त पाठवणाऱ्याला. मी माझ्या फोनवरून गावातल्या बायकांची यादी केली, संदेश पाठवला. सुरेखा सोडली तर कुणालाच पोचला नाही. ब्रॉडकास्ट ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर साठवलेला असतो त्यांनाच पोचतो. मला आठवेना, गावात माझा नंबर कुणाला हवा होता. मीही कुणाला दिला नव्हता. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. अप्पांचा नंबर मात्र घरोघरी होता, 'अप्पा किराणा' या नावानं, दुकान बंद होऊनही कुणी पुसला नव्हता.

म्हणजे शिकायचं होतं अप्पांना. दोन रविवार मी गावी जाऊन शिकवलं. "ह्या डबड्यापुढं मी काय बोलू?" म्हणाले. मी म्हटलं, दुकानात बोलायचात तसं बोला. आणि ते तसंच बोलले. फोटोत पुस्तकावर स्वतःचा अंगठा, फोटो थोडा तिरपा, आणि खाली आवाज: "हे जाड दिसतंय, पर हलकं हाय. शेवटी रडू येतंय, कांदा चिरताना वाचा, कुणाला कळायचं न्हाई." दुसऱ्या एका पुस्तकाबद्दल, "हे मला जमलं न्हाई. तुम्हाला जमलं तर मला सांगा." वर्षभर घासून मी जे शिकले होते ते या माणसाला दुकानात बसून आधीच येत होतं. पुढं लातूरच्या पानावर मीही तसंच बोलू लागले आणि पोरं थांबून ऐकू लागली.

बायकांची उत्तरं येऊ लागली, बहुतेक आवाजातच, हळू, मागं कुकरची शिट्टी. पुस्तकं पोचवायची कुठून, हा प्रश्न सुरेखानं सोडवला. गिरणी मागच्या बोळीत आहे आणि तिथं पुरुष फिरकत नाहीत. दळणाच्या डब्यासोबत पुस्तक जायचं, पुढच्या दळणाला परत. पानांत पीठ सापडू लागलं. अप्पा फडक्यानं झटकून ठेवायचे.

दिवाळीआधी पंचायतीची बैठक झाली. मी अप्पांना सगळं लिहून दिलं होतं, वाचक कसे वाढले, खोली का राहिली पाहिजे. अप्पांनी ते खिशातून काढलंच नाही. उभे राहून म्हणाले, "खोली घ्या. कपाटं तेवढी गिरणीत नेऊन द्या." फोनवर हे ऐकलं आणि मी त्यांच्यावर भडकले. म्हटलं, मी कशासाठी एवढं केलं? ते म्हणाले, "वाचणारी माणसं तिकडं, मी इकडं कुलूप राखत बसू का?" त्यांचं बरोबर होतं. पण मला रडू आलं. गाव सोडून गेलेल्या माणसाला खोल्या लागतात. जे तिथं राहतात त्यांचं त्यावाचून अडत नाही. तुमच्यापैकी ज्यांनी ग्रुपवर विचारलं होतं, वाचनालय वाचलं का, त्यांना हे माझं उत्तर. वाचनालय वाचलं. आपल्या आठवणीतलं गेलं.

नंतर गेले तेव्हा घराला कडी होती, अव्वा शेजारी आणि अप्पा गिरणीत. गिरणीच्या आवाजात कपाटं पांढुरकी दिसत होती. रांगेतल्या एका बाईनं मला विचारलं, "कुणाच्या घरच्या तुम्ही?" मी सांगायच्या आत अप्पा मान वर न करता म्हणाले, "लातूरची वाचक हाय. नंबरानं येऊ दे." मी नंबरानं आले. त्यांनी एक पुस्तक काढलं, पीठ झटकलं, हातात ठेवलं आणि म्हणाले, "कुरिअरनं धाडायचं न्हाई बरं का. आमच्यात पुस्तक स्वतः आणून द्यावं लागतंय."

पुस्तक परतीच्या गाडीतच निम्मं झालं आणि लातूरला चार दिवसांत संपलं. पण मी जाईना. कधी रीलचं काम, कधी पाहुणे, कधी नुसताच आळस. आता कुणी विचारलं, तुमचं घर कुठलं, तर मी खोलीचं वर्णन करत बसत नाही. ज्या गावात माझ्या नावावरचं एक पुस्तक परत द्यायचं राहिलंय, ते माझं गाव. काल अप्पांना कळवलं, शनिवारी येते. त्यांचं उत्तर लगेच आलं, आवाजातच, पण एकट्या मला नाही, अख्ख्या यादीला: "माझी लेक शनिवारी येऊन राहिली. तिच्याकडचं पुस्तक मोकळं होईल. कुणाला पाहिजे, सांगा."