मागच्या दाराचं कीपॅड

वेणूबाईला बंगल्याच्या अलार्मचा नंबर ठाऊक आहे, हे ती राहते त्या अप्परच्या वस्तीत कुणाला माहीत नाही? सगळ्यांना माहीत, कारण तिनंच सांगितलंय. नंबर नाही हो! नंबर ती मेली तरी सांगायची नाही. पण आपल्याला ठाऊक आहे, एवढं मात्र नळावर, किराणा दुकानात, भिशीत, सगळीकडे सांगून झालेलं. सुशीलाबाईंच्या, म्हणजे तिच्या 'वहिनीं'च्या, बिबवेवाडीतल्या बंगल्यात ती एकोणीस वर्षं स्वयंपाकाला. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलानं, शुभंकरनं, अलार्म बसवला, तेव्हा घराबाहेरच्या एकाच माणसाला नंबर मिळाला. "वहिनींच्या सख्ख्या चुलत दिराला नाही दिला, मला दिलाय," असं म्हणून ती पदर सारखा करायची.

आता त्या नंबरासाठी सोसावं किती लागायचं, ते ती नळावर सांगत नसे. बंगला चढावर. पुढून अकरा पायऱ्या, मागची बाजू मात्र जमिनीला टेकलेली. वेणूबाईचे गुडघे गेलेले, उंची जेमतेम चार फूट आठ इंच, आणि पुढच्या दाराचं ते बटणांचं कीपॅड पार वर बसवलेलं. अकरा पायऱ्या चढायच्या, मग टाचा उंचावून चार आकडे दाबायचे, मग कुलूप उघडायचं. तरी तिला कधी जड वाटलं नाही. मानाचं दार होतं ना ते!

दिवाळीत सुशीलाबाई पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि त्यांना सांभाळायला एजन्सीकडून दीपाली आली. यवतमाळकडची, उंच, हसरी, अठ्ठावीस-तीसची. आठ दिवसांत सुशीलाबाई तिला 'बाळ' म्हणायला लागल्या. वेणूबाईला एकोणीस वर्षांत कुणी बाळ म्हटलं नव्हतं. एकदा तर वहिनी सरळ म्हणाल्या, "वेणू, चहा राहू दे. दीपाली करते, तिच्या हातचा बरा होतो." झालं! वेणूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशीच्या आमटीत मीठ जास्त पडलं, आणि ते चुकून पडलं असं निदान मी तरी म्हणणार नाही.

मार्चमध्ये एका सकाळी दीपाली स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "मावशी, मागच्या दाराशी उभ्या राहा बरं जरा. सरळ." वेणूबाई उभी राहिली. दीपालीनं तिच्याकडे वरून खाली पाहिलं, हसली आणि म्हणाली, "झालं, जा." माझ्या बुटकेपणाला हसते भवानी, असं वेणूबाईनं मनात पक्कं लिहून ठेवलं.

दोन दिवसांनी मागच्या दाराशेजारी दुसरं कीपॅड लागलं. शुभंकर ऑफिसच्या घाईत, एका हातात डबा, दुसऱ्यात फोन. म्हणाला, "वेणूमावशी, उद्यापासून मागच्या दारानं येत जा. नंबर तोच." आणि गेलासुद्धा.

मागच्या दारानं! एकोणीस वर्षं पुढच्या दारानं आलेल्या बाईला! तिची कानशिलं तापली. कालची आलेली पोरगी वॉकर धरून वहिनींना मागून नेते, आणते, म्हणून तिच्यासाठी कीपॅड. आणि आपल्याला धुणंवालीच्या वाटेनं जा म्हणून हुकूम. "माझं पुढचं दार बरं आहे," ती रिकाम्या दाराकडे बघत म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम अकरा पायऱ्या चढून आली. दीपाली म्हणाली, "मावशी, मागून का नाही आलात?" वेणूबाईनं तवा आपटला. दीपाली त्या नव्या कीपॅडचे आकडे कमरेत वाकून दाबायची, तेवढं एक बघून मात्र तिला बरं वाटायचं.

जळणारं माणूस स्वस्थ बसत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दीपाली सुशीलाबाईंना व्यायामाच्या दवाखान्यात नेई, जाताना मागून अलार्म लावून जाई. वेणूबाई संध्याकाळच्या स्वयंपाकाला चारला यायची. त्या मंगळवारी ती बोळातून मागं गेली, इकडेतिकडे पाहिलं आणि नव्या कीपॅडवर तीनदा चुकीचा नंबर दाबला. सायरन असा कोकलला की शेजारचे लोक गच्चीवर आले. वेणूबाई तोवर पुढच्या पायऱ्यांवर. "मला काय माहीत बाई? ती मागचं लावून जाते, काय करून जाते कुणास ठाऊक," ती म्हणाली. शुक्रवारी पुन्हा तेच. पुढच्या मंगळवारी पुन्हा. दीपाली रडवेली होऊन म्हणाली, "माझंच काही चुकत असंल."

शुभंकरला ऑफिसातून तीनदा धावत यावं लागलं होतं. शनिवारी त्यानं दोन गोष्टी केल्या. एजन्सीला फोन करून सोमवारपासून दुसरी बाई मागितली, आणि मागचं कीपॅड काढायला माणूस बोलावला. वेणूबाई पोळ्या लाटत ऐकत होती. जिंकलो आपण, असं तिला वाटलं. पोळी टम्म फुगली.

कीपॅडवाला मागच्या दाराशी उकिडवा बसला. "साहेब, एवढं खाली का बसवायला लावलं होतंत? छातीच्या उंचीवर बसवतात."

"छातीच्याच उंचीवर आहे," शुभंकर म्हणाला. "वेणूमावशींच्या. त्यांचे गुडघे बघवत नाहीत, पायऱ्या बंद करा, मागं एक बसवा, म्हणून दीपाली महिनाभर मागं लागली होती. माप तिनंच घेतलं. ज्यांच्यासाठी बसवलं त्या फिरकल्यासुद्धा नाहीत, राहू दे."

स्क्रू निघाले. डबी भिंतीपासून सुटली. खाली पेन्सिलीची आडवी रेघ होती आणि तिच्यावर लिहिलं होतं: मावशी.

वेणूबाई स्वयंपाकघरातून दाराशी आली होती. ती चौथीपर्यंत शिकलेली. तेवढं वाचायला पुरे होतं. तव्यावरची पोळी करपत होती, दीपाली आतल्या खोलीत आपली बॅग भरत होती. गप्प बसली असती तर कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही. घर पुन्हा तिचं एकटीचं झालं असतं.

"परत बसवा ते," ती म्हणाली. "सायरन मी वाजवत होते. तिन्ही वेळा. पोरीनं काही केलं नाही."

शुभंकर बघतच राहिला. कीपॅडवाल्यानं खाली मान घातली. दारात वॉकरला टेकून सुशीलाबाई उभ्या होत्या, मागं दीपाली.

"बसवा हो ते परत," सुशीलाबाई म्हणाल्या. "एजन्सीला नाही म्हणून कळव, शुभंकर. आणि वेणू, खरा नंबर आठवतो ना? खोटा तर तीनदा दाबलास."

स्क्रू पुन्हा आवळले गेले. वेणूबाईनं पिठाचं बोट पदराला पुसलं आणि चार आकडे दाबले. टाचा उंचवाव्या लागल्या नाहीत. हिरवा दिवा लागला. तिनं वळून पाहिलं, पण दीपाली तिथं नव्हती. ती आत जाऊन करपलेली पोळी तव्यावरून काढत होती.