बाईसाहेबांचं बाळंतपण

समुद्राकाठच्या आमच्या चिपिओना गावात रेग्ला नावाच्या बायका गल्लोगल्ली सापडतील, गावच्या देवीचंच नाव ते. पण हाक मारली की "काय आहे?" म्हणून अंगावर येणारी रेग्ला एकच, माझ्या भिंतीपलीकडची. वय शहात्तर, फुलशेती करणाऱ्या फेर्मीनची विधवा. नवरा गेल्यावर सोबतीला माणूस ठेव म्हणून सगळ्यांनी सांगितलं. तिने घोयरा ठेवला. घोयरा म्हणजे तो झाडावरचा सरडा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा. तिचा घोयरा मादी होता आणि ती तिला बाईसाहेब म्हणायची.

पूर्वी आमच्याकडे घरोघरी घोयरा असायचा. कमरेला लाल लोकरीचा दोरा बांधून त्याला स्वयंपाकघराच्या खिडकीत बसवायचं. मासळी साफ करायला घेतली की माश्या घोंगावतात, त्या तो बसल्या जागी जिभेने टिपायचा. मग कायदा आला आणि घोयरा पाळणं गुन्हा ठरलं. गल्लीत एकाला दंड झाल्यावर सगळ्यांनी आपापले नेऊन समुद्राकाठच्या झुडपांत सोडले. मीही सोडला. रेग्ला म्हणाली, "माझी आजी गुन्हेगार नव्हती, आई नव्हती, मीच तेवढी कशी झाले?" तिच्या घरातला दोरा काही सुटला नाही.

कौतुक तरी किती करावं! घोयऱ्याला वाटीतलं पाणी कळत नाही, पानावरचे थेंब लागतात. म्हणून ही रोज सकाळी तोंडात पाणी घेऊन अंगणातल्या लिंबोणीवर फुर्रकन फवारायची. मी फवाऱ्याची बाटली आणून दिली, तर तिच्यात व्हिनेगर भरून ठेवलं. थंडीत बाईसाहेब टेबलाखालच्या शेगडीच्या उबेला. आणि ऑक्टोबरात अंडी घालायची वेळ आली की मात्र दोरा सोडायचा. बांधलेल्या मादीला खोल खणता येत नाही, अंडी पोटात अडकतात आणि ती मरते.

आता रेग्लाच्या लेकीचं सांगते. इन्मा हेरेस शहरात राहते, तिसऱ्या मजल्यावर. बाप गेल्यावर अर्धं घर तिच्या वाट्याला आलं. तिने ठरवलं की अंगणात सिमेंट ओतून फरशी घालायची, घर उन्हाळी पाहुण्यांना द्यायचं आणि आईला हेरेसला न्यायचं. मुलगी वाईट नाही. आई एकदा न्हाणीघरात पडली होती, त्याची धास्ती तिने घेतली. पण आईला आधी विचारायचं असतं, ठरवून मग सांगायचं नसतं.

"आई, त्या मातीत पाय घसरेल तुझा."

"घसरला तो फरशीवर. मातीत आजवर पडले नाही."

"तिकडे लिफ्ट आहे, दवाखाना समोर आहे."

"आणि लिंबोणी?"

"गॅलरीत कुंडी ठेवू की."

"मग मलाच ठेव कुंडीत."

इन्माने ऐकलं न ऐकलंसं केलं आणि सोमवारी सकाळी यायला कुर्रो गवंड्याला सांगून टाकलं.

त्याच्या आदल्या शनिवारी बाईसाहेब लिंबोणीवरून उतरल्या. पोट टम्म, अंगावर पिवळे ठिपके. रेग्लाने दोरा सोडला. बाईसाहेबांनी बुंध्याजवळ खणायला घेतलं ते पार शेपटीसकट आत गेल्या. रविवारी दुपारी बाहेर आल्या तेव्हा पोट खपाटीला लागलेलं, अंगभर माती. मागच्या पायांनी खड्डा बुजवला आणि एकदाही मागे न बघता निघाल्या. रेग्लाने त्यांना उचललं, पाणी फवारलं, दोरा पुन्हा बांधला. मग त्या जागेकडे बघत म्हणाली, "उद्या ह्यावर सिमेंट ओतणार."

सोमवारी उजाडताच ती माझ्या दारात हजर. "सालू, त्या रानरक्षकांना फोन लाव."

"कशाला गं?"

"तक्रार द्यायचीय."

"कुणाची?"

"माझी."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तू लाव."

कुर्रो सिमेंटच्या गोण्या उतरवत होता, तेव्हा रेग्ला अंड्यांच्या जागेशेजारी खुर्ची टाकून बसलेली. "मावशी, जरा उठता का?" त्याने विचारलं. "नाही," ती म्हणाली. हेरेसहून आलेली इन्मा समजावू लागली, मग ओरडू लागली, आणि तेवढ्यात दारात रक्षक उभा राहिला. इन्माने तिथल्या तिथे तीन रंग बदलले.

रक्षक तरुण होता, आणि भला. त्याने मातीवर हात फिरवला, दोऱ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. "ही भिंतीवरून आली असेल ना, मावशी?"

"हो हो, भिंतीवरूनच," इन्मा घाईघाईने म्हणाली.

"भिंतीवरून कशाला येईल?" रेग्ला म्हणाली. "तीन वर्षं माझ्या हातावर वाढलीय. माझीच आहे, मीच बांधलीय. लिही."

"आई, गप्प बस."

"का गप्प बसू? चोरी केली मी? अंडी वाचवायला तुमचा कायदा हवा, तर दंडही माझाच. लिही रे बाबा, रेग्ला नाव, आडनाव विचार."

त्याला लिहावंच लागलं. मग त्याने दोरा कापला आणि बाईसाहेबांना कापडी पिशवीत घेतलं, झुडपांत सोडायला. तिची नखं रेग्लाच्या बोटाला धरून होती, ती एकेक करून सोडवावी लागली. रेग्ला रडली. "वाईट वाटतंय मला," ती म्हणाली, "पण जा."

रक्षकाने लिंबोणीभोवती फीत बांधली. पिल्लं बाहेर येईस्तोवर इथे कुदळ लावायची नाही, सिमेंट तर नाहीच, असं त्याने कुर्रोला बजावलं. पुढच्या सप्टेंबरपर्यंत तरी. कुर्रो गोण्या पुन्हा गाडीत चढवू लागला.

इन्मा पायरीवर मटकन बसली. मग म्हणाली, "बरं. सप्टेंबरपर्यंत. त्यानंतर तरी येशील?"

रेग्लाने डोळे पुसले, खुर्ची आणखी थोडी सावलीत ओढली.

"पिल्लांत निम्म्या तरी माद्या निघतील, इन्मा," ती म्हणाली. "आणि सप्टेंबरनंतर ऑक्टोबर येतो."